घरगाडीचा विमा

आमच्या घरी पाहुणा म्हणून पहिल्यांदा जेवलेला माणूस विम्याचा एजंट होता. लग्नाला बरेच महिने झाले होते, पण तोवर आमच्या पंगतीला बाहेरचं कोणी बसलं नव्हतं. बसणार तरी कसं? आमचं लग्न रजिस्टर पद्धतीचं. मी नागावच्या बागायतदारांच्या घरातली आणि हे पोयनाडच्या पुढचे, खाडीकाठच्या आगरी घरातले. माझ्या माहेरच्यांनी माझ्या नावाने आंघोळ केली. यांच्या थोरल्या भावाने निरोप धाडला की, गावात येऊन आमची मान खाली घालू नकोस. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती आणि भाषणांमधून सगळे केव्हाच एक झाले होते.

मी चौलच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. हे अलिबागला एका मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात होते. लढाईच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपात काम शिकून आलेले, त्यामुळे हातात कसब होतं. पगार दोघांनाही होता, पण राहायला खोली मिळत नव्हती. घरमालक आधी आडनाव विचारायचा, मग गाव विचारायचा, मग आम्हा दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघायचा, आणि मग त्याला एकदम आठवायचं की खोली पुतण्यासाठी ठेवली आहे. त्या वर्षी अलिबाग तालुक्यात पुतण्यांचं फार पीक आलं होतं.

अशात एके दिवशी हे मांडव्याकडे एका शेठजींच्या बंगल्यावर पाण्याचा पंप दुरुस्त करायला गेले आणि संध्याकाळी परत आले ते घर सापडल्याचं सांगतच. मी विचारलं, "भाडं किती?"

"भाडं नाही. ओढून न्यायचं आहे."

तो बंगला पूर्वी एका गोऱ्या साहेबाचा होता. साहेब रस्ते आणि पूल बांधणारा इंजिनिअर. जंगलात मुक्काम पडायचा म्हणून त्याने एका जुन्या लॉरीच्या सांगाड्यावर लाकडी खोली बांधून घेतली होती. पुढे लॉरीचं लांबट नाक, मागे सागवानी खोली. सत्तेचाळीस साली साहेब विलायतेला निघून गेला आणि बंगल्याबरोबर ती गाडीही शेठजींच्या गळ्यात पडली. त्यांना तिच्या शेडमध्ये भाताची पोती ठेवायची होती. ते म्हणाले, "ही ब्याद उचलून न्याल तर उपकार होतील." यांनी कागदपत्रं आपल्या नावावर करून घेतली आणि एका ओळखीच्या ट्रकच्या मागे दोर बांधून ती ब्याद चौलला आणली.

मी पहिल्यांदा आत डोकावले तेव्हा एक कोंबडी अंगावर धावून आली. गाडी शेडमध्ये पडून होती तेव्हापासून शेठजींच्या कोंबड्यांनी आत बस्तान बसवलं होतं, त्यातली ही एक गाडीबरोबरच आली होती. एका कोपऱ्यात वाळवी होती, छपराच्या कॅनव्हासला भोकं होती, सगळीकडे उग्र वास. पण खिडक्यांना सरकत्या काचा होत्या, कपाटांना पितळी कड्या होत्या, आणि समोरासमोरची दोन बाकं जोडली की पलंग व्हायचा. मी एका कडीवर पदर घासला. ती चकाकली. मी यांना म्हटलं, "राहू या."

गाडी उभी करायला जागा दिली ती एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, बाईंनी. चौलात त्यांची नारळ-सुपारीची वाडी होती. मुलगे परदेशी गेलेले, त्या एकट्याच राहायच्या. त्यांनी आम्हाला आडनाव विचारलं नाही. "नारळाच्या मुळांवर चाक नको," एवढीच त्यांची अट होती.

मग आमच्या सुट्ट्या त्या गाडीच्या दुरुस्तीत जाऊ लागल्या. इंजिन गंजून घट्ट बसलं होतं. ते खोलून यांनी एकेक भाग घासलेटात बुडवून ठेवला. ज्या विलायती कंपनीने ती लॉरी बनवली होती तिने त्या जातीच्या लॉऱ्या बनवणं कधीच बंद केलं होतं, त्यामुळे सुटा भाग म्हणून काही मिळायचं नाही. लष्कराने विकायला काढलेल्या मोटारींचं सामान, बंद पडलेल्या प्रवासी सर्व्हिस मोटारींचं सामान, कुठल्याशा भाताच्या गिरणीची एक पुली, असं गोळा करून, कानशीने घासून हे ते आमच्या गाडीला बसतं करायचे. रेडिएटर गळायचा. त्यात चमचाभर हळद टाकली की गळती काही दिवस थांबायची, ही युक्ती ड्रायव्हर लोकांची. त्यामुळे आमच्याकडे हळद मिसळणाच्या डब्यात थोडी आणि हत्यारांच्या पेटीत जास्त असायची.

समुद्र हाकेच्या अंतरावर. खारा वारा लोखंडाला खातो. दर रविवारी गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवायचं आणि त्यावर जळकं ऑइल फासायचं, हे काम माझ्याकडे होतं. इतर बायका शेणाने घर सारवत, मी ऑइलने सारवायची. सोमवारी फळ्यावर लिहिताना नखं काळी दिसायची. मुली बघायच्या, पण कोणी काही विचारलं नाही.

छपराचं मात्र काही जमेना. यांचं कसब लोखंडात, लाकडात नाही. शेवटी रेवदंड्याच्या खाडीवर होड्या बांधणारे एक सुतार आले. त्यांनी वर चढून सगळीकडे बोटाने ठोकून पाहिलं आणि खाली उतरून म्हणाले, "ही होडीच हाय. नुसती उलटी पडलीय." मग त्यांनी होडीसारखंच केलं. फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेलं सूत ठासलं, वर राळेचा लेप दिला आणि त्यावर शिडाचं जाड कापड ताणून बसवलं. पुढचा पावसाळा आम्ही आत कोरडे बसून काढला.

गाडी रस्त्यावर आणायची तर कायद्याने विमा हवा. म्हणून तो एजंट आला. एसटीतून उतरला तेव्हा अंगात काळा कोट, काखेत छत्री, हातात चामडी पिशवी. वाडीत येऊन त्याने गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि मला विचारलं, "वहिनी, हे नक्की काय आहे?"

मी म्हटलं, "घर."

"अर्जात तर मोटार लिहिलंय."

"मोटारही आहे," गाडीखालून यांचा आवाज आला. हे तेव्हा ब्रेकच्या दांड्यांना वंगण लावत होते.

तो माणूस बाकावर बसला आणि कपाळ पुसलं. "असं बघा, मोटार असेल तर आत चूल नको. घर असेल तर खाली चाकं नकोत. मी मुंबईच्या कचेरीला कळवू काय?"

त्याने थट्टा म्हणून विचारलं नव्हतं. त्याला खरंच काळजी पडली होती. बराच वेळ विचार करून तो म्हणाला की, रस्त्यावर कोणाला आपल्या गाडीने इजा झाली तर त्याचा विमा सोपा आहे, तो होऊन जाईल. पण अशा लाकडी गाडीला आगीचाही विमा असायला हवा. कंपनी तो देईल, मात्र एका अटीवर. गाडीच्या आत विस्तव पेटवायचा नाही. ती अट त्याने इंग्रजीतून वाचून दाखवली, मग मराठीतून सांगितली, मग जाता जाता पुन्हा एकदा सांगितली. आमचा स्वयंपाक तसाही बाहेर, ताडपत्रीखालच्या चुलीवर होत असे. एक स्टोव्ह होता, तो आतल्या कपाटात ठेवलेला, प्रवासात कुठे उतरून चहा करायचा झाला तर म्हणून. आम्ही अट मान्य केली.

तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. मी रीतीप्रमाणे "जेवून जा" म्हटलं आणि म्हटल्यावर जीभ चावली. आता हा कारण काढील, घड्याळ बघील, आणि आपल्याला ते बघत उभं राहावं लागेल. तो उठला आणि म्हणाला, "हात कुठे धुऊ?"

मी घाईघाईने वांग्याची भाजी आणि तांदळाची भाकरी वाढली. पहिला घास घेऊन त्याने इकडेतिकडे पाहिलं. "वहिनी, सुकट आहे का? वास तर येतोय." चुलीच्या बाजूला झाकून ठेवलेली सुकट मी त्याला वाढली. तो भरपेट जेवला, सोलकढी मागून घेतली, आणि एसटी चुकेल म्हणून धावत गेला. हे त्याच्या ताटाकडे बघत उभे राहिले आणि मग ते ताट स्वतः घासायला घेतलं.

पुढे दर वर्षी विमा नवा करायला तो स्वतः येऊ लागला. पोस्टाने होणारं काम होतं, पण तो यायचा, गाडीभोवती फेरी मारायचा, जेवायचा आणि जायचा.

काही वर्षं अशी गेली. मग एक दिवस कारखान्यात जॅक निसटला आणि यांचा उजवा हात एका मोटारीखाली चेंगरला. हाडं वाचली, पण जखम मोठी होती. हातावर जाड पट्टी आणि अंगात ताप. ही बातमी कुठल्या ड्रायव्हरने पोयनाडला सांगितली देव जाणे. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले होते तेव्हा सासूबाई आल्या. आमच्या लग्नानंतर त्यांनी मुलाचं तोंड पाहिलं नव्हतं आणि मला तर कधीच पाहिलं नव्हतं. थोरल्याला न सांगता, डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन, आयुष्यात पहिल्यांदा एकट्या एसटीत बसून त्या आल्या होत्या.

त्यापुढचं मला दोघांकडून नंतर कळलं. हे तापात झोपले होते. सासूबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला आणि पेज करायचं ठरवलं. बाहेर पावसाची झड लागली होती, वारा ताडपत्री फडफडवत होता, चूल भिजून चिखल झाली होती. त्यांनी आत शोधाशोध केली तर कपाटात स्टोव्ह दिसला. स्टोव्ह त्यांनी कोणाकोणाकडे लांबून पाहिला होता, हाताळला नव्हता. त्यांनी पंप मारला, काडी लावली, आणि ज्वाळा एकदम वर उठली. खिडकीचा पडदा पेटला. पडद्यावरून विस्तव छपराच्या राळेत गेला. राळ मग कोणाचं ऐकत नाही.

सासूबाई अंगाने काटकुळ्या. मिठागरात जन्मभर मीठ वाहून खांदे तेवढे घट्ट. त्यांनी यांच्या काखेत हात घातले आणि पायरीवरून ओढत खाली चिखलात आणलं. मग परत आत गेल्या. कशाला, तर तांदळाचं गाठोडं आणायला. तेव्हा त्यांचा डावा हात कोपरापर्यंत भाजला.

वाडीच्या मालकीणबाईंनी आरडाओरडा करून शेजारपाजार जमवला. कोणीतरी धावत जाऊन रहाटाला बैल जुंपला. लोकांनी पन्हळीतलं पाणी घागरींनी मारलं, वाळू टाकली. शाळेत निरोप आला तशी मी धावत सुटले. पोचले तेव्हा गाडीचा मागचा भाग काळा पडून वाफाळत होता, नारळाखाली हे बसलेले, आणि यांच्या शेजारी एक म्हातारी हात पदरात लपवून बसलेली. मी तिच्याकडे बघून यांना विचारलं, "ह्या कोण?"

"आय," हे म्हणाले.

मी खाली वाकून पाया पडले. मी त्यांचा हात पदरातून बाहेर काढून पाहिला आणि त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. येईपर्यंत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

विम्याच्या कचेरीला कळवणं भाग होतं. एजंट येणार त्या दिवशी सकाळी हे मला बाजूला घेऊन म्हणाले, "स्टोव्ह बाहेर ताडपत्रीखाली होता असं सांगू. वाऱ्याने ठिणगी उडाली. कोण बघायला आलंय?" मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. वर्गात मी मुलींना खरं बोलायला शिकवत असे, आणि त्या सकाळी मला वाटलं की ठिणगी उडूही शकते.

एजंट आला. गाडीकडे बघून त्याचा चेहरा पडला. नारळाखालच्या बाकावर बसून त्याने कागद काढले, पेनाचं टोपण काढलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "आग कशी लागली?"

हे बोलायला तोंड उघडणार तोच सासूबाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. इतके दिवस माझ्याकडे पाठ करून बसणारी ती बाई माझ्या आणि त्या माणसाच्या मध्ये उभी राहिली.

"लिवा सायब. इस्टो मी पेटवला. ही तवा शालेन होती. हिचा काय संबंद नाय. न्यायाचं तं मना न्या."

कोणालाच काही कळेना. मग लक्षात आलं. काळा कोट, चामडी पिशवी, कागद-पेन. त्यांना वाटलं होतं, घर जाळलं म्हणून सरकारचा माणूस गुन्हेगार धरायला आला आहे, आणि परक्या जातीची सून म्हणून तो मलाच धरील.

एजंट गडबडून उभा राहिला. "आजी, मी पोलीस नाही."

"मंग ह्यो कोट कशाला?"

तो हसला नाही. त्याने पेन कागदावर ठेवलं. "आजी, तुम्ही जरा पलीकडे बसता का? मी यांना विचारतो."

तो वाट करून देत होता. अजूनही ठिणगी उडवता आली असती. पण सासूबाई हलल्या नाहीत. "त्याला काय इचारता? तो तापान पडलेला. मी सांगतंय ना, आतमदी मी पेटवला. त्याला पेज कराची होती."

हे मान खाली घालून बसले होते. त्यांनी मान वर केली. "लिहा. आय बोलली तसंच झालंय."

त्याने लिहिलं. लिहिताना थांबून थांबून आमच्याकडे बघत होता. मी जेवायला थांबवलं तर त्या दिवशी तो थांबला नाही. सासूबाईंना नमस्कार करून गेला. कंपनीचं उत्तर आलं ते आम्हाला ठाऊकच होतं. अट मोडली होती, भरपाई मिळणार नव्हती.

रात्रीपुरती सोय मालकीणबाईंनी आपल्या पडवीत केली. मी यांना म्हटलं, "तुम्ही आयेंना बोलू नका हं." हे म्हणाले, "बोलणार काय? तिने तुझी बाजू घेतली. माझी इतक्या वर्षांत कधी घेतली नव्हती."

सासूबाईंनी परत जायचं नाव काढलं नाही. हात बरा होईस्तोवर राहा असं मीही म्हटलं. घरात एक उजवा हात जायबंदी, एक डावा हात जायबंदी. मायलेक समोरासमोर बसून दोघं मिळून एक नारळ सोलायचे आणि सोलता सोलता भांडायचे. मी रोज दोघांच्या पट्ट्या बदलायची. पट्टी सोडताना सासूबाई डोळे मिटून घ्यायच्या, पण तोंडातून हूं की चूं नाही. एकदा मी हळूच विचारलं, "आये, दुखतं का?"

"तुझा हात हलका हाय, पोरी," त्या म्हणाल्या. मला त्यांनी मारलेली ती पहिली हाक.

होडीचे सुतार पुन्हा आले. मोडीत निघालेल्या एका मचव्याच्या सागवानी फळ्या त्यांनी आणल्या. हे डाव्या हाताने खुणा करून दाखवायचे, सुतार त्यांच्या खुणांकडे दुर्लक्ष करून आपल्या मनासारखं करायचे, आणि शाळा सुटली की मी रंधा मारायला जायची. सासूबाईंनी एकाच हाताने नारळाचं सोडण आणि राख घेऊन आतली सगळी काजळी घासून काढली. कपाटाच्या पितळी कड्या तर अशा घासल्या की त्यांच्यावरची नक्षी पुसट झाली. थांबा म्हटलं तरी थांबायच्या नाहीत. मनातलं त्या बोलून दाखवणाऱ्या नव्हत्या, घासून काढत होत्या.

मागच्या खिडकीची काच फुटली होती. तशी जाड, गोल कडेची काच अलिबागेत मिळेना. एका रविवारी रेवसच्या लाँचने एजंट आला. या वेळी अंगात कोट नव्हता, काखेत सतरंजीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. मुंबईच्या जुन्या बाजारात फिरून त्याने ती काच शोधली होती. हे म्हणाले, "अहो, कंपनीने तर नाही म्हटलंय."

"मी कंपनीकडून नाही आलो," तो म्हणाला आणि काच कडेला किंचित मोठी निघाली म्हणून वाईट वाटून घेऊ लागला. सुतारांनी चौकट कोरून ती बसवली. त्या दिवशी सासूबाईंनी त्याला स्वतः वाढलं आणि कोटाबद्दल माफीही मागितली. तो म्हणाला, "आजी, तो कोट मलाही आवडत नाही."

जेवण झाल्यावर त्याने खरी अडचण सांगितली. कंपनी पुढच्या वर्षीचा विमा द्यायला तयार नव्हती. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर नेता येणार नव्हती, आणि माझी थळच्या शाळेत बदली व्हायची बोलणी चालू होती. हे ऐकत होते. त्यांनी गाडीच्या मागच्या अंगाला, खिडकीखालच्या, फळ्या न बसल्याने अजून उघड्याच असलेल्या चौकटीकडे पाहिलं.

पुढचे कित्येक दिवस हे बिजागऱ्या आणि पत्रे घेऊन तिथे बसले. शेवटी झालं ते असं: गाडीच्या मागे एक झडप. ती खाली पाडली की पत्रा मारलेली फळी बाहेर यायची, दोन लोखंडी पाय तिला आधार द्यायचे, आणि तिन्ही बाजूंना पत्र्याचा आडोसा उभा राहायचा. स्टोव्ह त्या फळीवर कायमचा बसवलेला. झडप बंद केली की स्टोव्ह आडवा होऊन बाहेरच्या पत्र्याच्या पेटीत जायचा, आत यायला त्याला वाटच नाही. पेटवायचा तर बाहेर जमिनीवर उभं राहूनच.

एजंटाने ती झडप उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग बाहेर उभं राहून खोटाखोटा चहा ढवळून पाहिला. "चूल गाडीबाहेर, स्वयंपाकीण गाडीबाहेर. आता बघतो कोण नाही म्हणतं ते." त्याने कचेरीला त्या झडपेचं चित्र काढून पाठवलं. विमा मिळाला.

एवढं होईस्तोवर सासूबाई रोज मालकीणबाईंच्या पडवीतच झोपत. "ज्या घराला जोतं नाय त्या घरान मना झोप नाय येनार," असं त्यांचं म्हणणं. एका दुपारी मी शाळेतून लवकर आले तर बाहेर कोणी दिसेना. आत डोकावले. नव्या बाकावर, त्या जाड काचेच्या खिडकीखाली, सासूबाई तोंडावर पदर घेऊन घोरत होत्या. मी तशीच पाय न वाजवता बाहेर आले आणि ऊन उतरेपर्यंत नारळाखाली वह्या तपासत बसले.

बदलीचा हुकूम आला की लोक बोचकी बांधतात, आम्ही चाकांखालच्या विटा काढल्या. मालकीणबाईंनी शहाळ्यांचा घोस गाडीत टाकला आणि डोळे पुसले. सासूबाई ऐटीत पुढे बसल्या. थळपर्यंत त्या रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाकडे असं बघत होत्या की जणू त्याने आपल्याला ओळखायलाच हवं. थळला कोळीवाड्याजवळ आम्ही तळ दिला. दिवाळीची सुट्टी जवळ आली तशा त्या म्हणाल्या, "आता मना घरी सोड."

हे म्हणाले, "उद्या एसटीत बसवून देतो."

"एस्टी कशाला? गारी हाय ना."

गावात येऊ नकोस हा भावाचा निरोप अजून मागे घेतलेला नव्हता. सासूबाईंना ते माहीत होतं. त्या तांदूळ पाखडत राहिल्या. थोड्या वेळाने हे उठले आणि चाकांमधली हवा बघायला लागले.

कार्ले खिंडीच्या चढावर गाडी तापली. झाकण उघडलं तर वाफेचा फवारा. आम्ही थांबलो, पाणी घातलं, हळद घातली, पुन्हा निघालो. पोयनाडच्या पुढे सडक संपून बांधाचा कच्चा रस्ता लागला. दोन्हीकडे कापणीला आलेली भातं, पलीकडे खाडी, मिठाचे पांढरे ढीग. हे इतके हळू चालवत होते की बांधावरची बकरी आमच्या पुढे गेली. गावाच्या तोंडाशी यांनी गाडी थांबवली. "इथून चालत जा, आये."

"दाराशी ने," त्या म्हणाल्या.

दाराशी गाडी उभी राहिली तोवर निम्मा गाव गोळा झाला होता. थोरले दीर खळ्यावरून आले, हातात विळा, अंगावर पेंढा. गाडीपासून चार हात लांब उभे राहिले. सासूबाई खाली उतरल्या. त्यांनी आपला भाजलेला हात पदराबाहेर ठेवला होता.

"काय बगतस? तुझे भावाचा घर हाय. तू त्याला उंबरा नाय दिला, त्यानं सोताचा आनला."

बायांमध्ये कोणीतरी फसकन हसलं. दिरांनी सुनावलं नाही की पाठही फिरवली नाही. ते सावकाश गाडीभोवती फिरले, चाकं बघितली, नव्या आणि जुन्या फळ्यांच्या जोडावरून बोट फिरवलं. मागे जाऊन झडपेजवळ थांबले. "ह्यो काय प्रकार?"

यांनी झडप पाडून दाखवली. दिरांनी स्वतः एकदा मिटून पाहिली, उघडून पाहिली. मग यांचा उजवा हात धरून उलटासुलटा करून व्रण बघितला. "मूठ वलते का?"

"वलते," हे म्हणाले.

"मंग उद्या कापनीला ये."

माझ्या जाऊबाई तोवर मला हाताला धरून बायांच्या घोळक्यासकट गाडीत शिरल्या होत्या. बाकं जोडून पलंग कसा होतो ते मला त्या दिवशी किती वेळा दाखवावं लागलं, सांगता येत नाही. सुट्टी संपेपर्यंत आम्ही तिथेच राहिलो. माझ्या माहेराहून पुढेही कधी बोलावणं आलं नाही. त्याची सल गेली असं म्हणणार नाही. पण दिवाळी कुठे करायची, हा प्रश्न त्यानंतर आम्हाला पडला नाही.

आणखी काही वर्षांनी तिथल्याच बांधावर गाडीच्या मागच्या चाकांचा कणा मोडला. सांधून पाहिला, पुन्हा मोडला, आणि तसा दुसरा कुठे मिळेना. तोवर थळला आम्ही दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. बैलांनी ओढून गाडी थोरल्यांच्या परसात, चिंचेखाली नेली. विमा संपल्याचं मी एजंटाला कळवलं. त्याचं उत्तर आलं, त्यात फक्त आजींच्या तब्येतीची चौकशी होती.

सासूबाई आपण होऊन त्या गाडीत राहायला गेल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. आम्ही सुट्टीत गेलो की त्या गाडी झाडून आमच्यासाठी मोकळी करायच्या आणि आपली उशी काखोटीला मारून थोरल्यांच्या पडवीत जायच्या. मी म्हणायची, "आये, जागा आहे, इथंच झोपा."

"नाय ग, पोरांना गारीन झोपाचं असतं," असं म्हणत त्या पायरी उतरायच्या. तोवर दिरांची पोरं उशापायथ्याची भांडणं करत आत शिरलेली असायची, आणि हे त्यांना सरकवून सरकवून स्वतःपुरती जागा करत असायचे.